शून्याचे वीस टक्के

२५ मार्च २०२० हा गुढीपाडव्याचा दिवस होता. साडेतीन मुहूर्तांपैकी एक असलेला हा दिवस महाराष्ट्रात नवे दुकान उघडण्याचा, नव्या यंत्राला हळदकुंकू वाहण्याचा, नव्या धंद्याचा नारळ फोडण्याचा. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी दूरदर्शनवरून देशापुढे भाषण केले आणि अवघ्या चार तासांनी, मध्यरात्रीपासून, साऱ्या देशात एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. त्या पाडव्याला ज्या तरुणांनी आपल्या दुकानाचे दार पहिल्यांदा उघडावयाचे ठरविले होते, त्यांची अनामत भरून झाली होती, माल येऊन पडला होता. दार मात्र उघडले नाही. एकवीस दिवसांचे पुढे अडुसष्ट दिवस झाले.

१३ मे २०२० रोजी, टाळेबंदीला सात आठवडे झाल्यावर, केंद्रीय अर्थमंत्र्यांनी लघुउद्योगांसाठी तीन लाख कोटी रुपयांच्या विनातारण कर्जाची योजना जाहीर केली. योजनेचा सांगाडा सोपा होता. २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्या उद्योगाच्या नावावर बँकेचे किंवा वित्तकंपनीचे जेवढे कर्ज शिल्लक असेल, त्याच्या वीस टक्क्यांपर्यंत नवे कर्ज त्याला मिळणार होते. तारण लागणार नव्हते. हमी सरकारची होती. पहिले वर्षभर मुद्दल फेडावयाचे नव्हते. म्हणजे पन्नास लाखांचे कर्ज शिल्लक असणारा दहा लाखांना पात्र ठरला, पाच लाखांचे असणारा एका लाखाला. मुद्रा योजनेतून पन्नास हजार उचलून शिलाईयंत्रे घेतलेल्या मुलीच्या वाट्याला फार तर दहा हजार येत होते. आणि ज्याच्या नावावर बँकेचे कर्जच नव्हते, त्याला? शून्याचे वीस टक्के शून्यच होतात. हे गणित प्राथमिक शाळेतील मुलालाही येते. राज्यकर्त्यांना ते येत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. तरीही योजना तशीच आखली गेली, कारण ती आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जो उद्योजक होता तो बँकेत आधीच बसलेला होता.

महामारीचा तरुण उद्योजकांवर काय परिणाम झाला, याची चर्चा बहुधा व्यवस्थापनाच्या भाषेत होते. संकट हीच संधी, बदलत्या काळाशी जुळवून घ्या, मोबाइलवर विक्री करा, असे उपदेश त्या वेळी पुष्कळ झाले. ज्यांच्यापाशी टिकून राहण्यापुरते काही होते त्यांना ते उपयोगीही पडले असतील. पण विकसनशील देशांतील बहुसंख्य तरुण धंदेवाल्यांना महामारीने जे दाखवून दिले ते वेगळेच आहे. सार्वजनिक हितासाठी शासन एखाद्याचा रोजगार बंद करते, तेव्हा त्याची किंमत कोणी सोसावयाची, हा प्रश्न आपल्या अर्थव्यवस्थेने विचारलाच नाही. ती किंमत ज्यांच्यापाशी सर्वात कमी होते त्यांच्याच अंगावर पडली.

उद्योजक म्हणजे कोण?

उद्योजक म्हटले की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत काचेच्या इमारतीपुढे उभा असलेला, परदेशी भांडवल मिळविलेला तरुण दिसतो. वस्तुस्थिती निराळी आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीनुसार देशात शेती व बांधकाम वगळता असंघटित क्षेत्रातील उद्योगांची संख्या ६ कोटी ३४ लाखांच्या घरात होती आणि त्यांत ११ कोटींहून अधिक माणसे काम करीत होती. यांपैकी सुमारे ८४ टक्के उद्योगांत पगारी नोकर एकही नव्हता. मालक, कामगार, हमाल आणि हिशेबनीस एकच. फार तर घरातील माणसे मदतीला. भारतीय उद्योजक म्हणतात तो बहुतांशी हा आहे. त्याला मालक म्हणावे की मजूर, हे ठरविणे कठीण आहे, आणि कायद्याने ते ठरविण्याचा त्रास घेतलेला नाही.

हा तरुण हौसेने धंद्यात आला असे नाही. पदवी घेतली, स्पर्धापरीक्षा दिल्या, भरतीच्या जाहिरातींची वाट पाहिली आणि वय निघून गेल्यावर त्याने वडापावची गाडी टाकली, दुसऱ्याचे जुने माग विकत घेतले, मोबाइलदुरुस्तीचा गाळा भाड्याने घेतला. नोकऱ्या मागणारे नव्हे तर देणारे व्हा, हा उपदेश गेली काही वर्षे सर्व पक्षांच्या व्यासपीठांवरून होत आला आहे. शासनाने नोकऱ्या निर्माण करण्याची जबाबदारी अंगावरून काढून तरुणाच्या अंगावर टाकली आणि तिला उद्योजकता असे भारदस्त नाव दिले. त्याने ती जबाबदारी घेतलीही. भांडवल कोठून आणले? आईचे दागिने, वडिलांच्या निवृत्तीची रक्कम, भावाचा पगार, भिशीचा हप्ता, गावच्या पतसंस्थेचे कर्ज. यांतील एकही गोष्ट २९ फेब्रुवारी २०२० च्या त्या हिशेबात धरली जाणारी नव्हती.

खेळते भांडवल थांबते तेव्हा

धंदा बंद राहिला म्हणजे केवळ नफा बुडतो, अशी नोकरदार वर्गाची समजूत असते. छोट्या धंद्यात नफा आणि भांडवल यांच्यामध्ये भिंत नसते. सकाळी बाजारातून माल उचलावयाचा, संध्याकाळपर्यंत विकावयाचा, त्यातून घर चालवून उरलेल्या पैशांतून दुसऱ्या दिवशीचा माल आणावयाचा, अशी ही चाकोरी. चाक थांबले की घरातील माणसे जेवतात ती भांडवलातून. गाळ्याचे भाडे थांबत नाही, विजेचा स्थिर आकार थांबत नाही, व्याज तर रात्रीही थांबत नाही. दोन महिन्यांनी दुकान उघडण्याची परवानगी मिळते तेव्हा दुकान असते, गिऱ्हाईकही थोडेफार असते. माल आणावयाला पैसा मात्र नसतो. टाळेबंदी उठल्यावरही हजारो धंदे उघडले नाहीत त्याचे कारण हे आहे.

रायगड जिल्ह्यातील पेणचे उदाहरण घ्यावे. पेण आणि आसपासची हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींसाठी देशभर प्रसिद्ध आहेत. तेथे मूर्तीचे काम वर्षभर चालते, पैसा मात्र एकाच हंगामात हाती येतो. २०२० मध्ये गणेशचतुर्थी २२ ऑगस्टला होती. मूर्ती घडविण्याचा आणि रंगविण्याचा भर टाळेबंदीत सापडला. मे महिन्यात प्रदूषण नियंत्रणाच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली आणि लगोलग ती एका वर्षासाठी पुढे ढकलली गेली. जुलैमध्ये राज्य शासनाने सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत आणि घरगुती दोन फुटांपर्यंतच असावी असा नियम केला. गर्दी टाळण्याच्या दृष्टीने तो समंजस होता. परंतु तोवर कारखान्यांतून मोठ्या मूर्ती घडवून झाल्या होत्या. उसनवारीवर पहिला कारखाना टाकलेल्या तरुणाच्या मांडवात त्या उभ्या राहिल्या. नियम योग्य होता; त्याची किंमत मात्र शासनाने नव्हे, त्या तरुणाने भरली.

यंत्रमागाची गोष्ट याहून वेगळी नाही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी या गावांत कित्येक तरुण यंत्रमागधारक स्वतःचे कापड विणत नाहीत. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे. मागधारकाला मीटरमागे मजुरी. माग त्याच्या नावावर असल्याने तो उद्योजक ठरतो, पण बाजारावर त्याचा काडीचा ताबा नसतो. टाळेबंदीत व्यापाऱ्याने सूत देणे थांबविले, झालेल्या कामाची मजुरी अडकली, आणि उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार जमेल त्या मार्गाने गावी निघून गेले. माग पुन्हा सुरू करावयाचे तर कामगाराला आगाऊ रक्कम देऊन परत आणावे लागत होते. जुन्या मागधारकाने ती कशीबशी उभी केली. नव्याने माग भंगाराच्या भावाने विकले.

जुना आणि नवा यांतील हा फरक महत्त्वाचा आहे. धंद्यात टिकते ती पत, आणि पत काळाने मिळते. वीस वर्षे दुकान चालविणाऱ्याला घाऊक व्यापारी उधार माल देतो, घरमालक दोन महिने थांबतो, बँकेचा व्यवस्थापक ओळखतो. दोन वर्षांपूर्वी सुरुवात केलेल्याला यांतील काहीच मिळत नाही. सर्वांना प्रथम वसुली त्याच्याकडूनच करावयाची असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या हिशेबानुसार २०२० मध्ये जगभरात प्रौढांचा रोजगार ३.७ टक्क्यांनी घटला, तर तरुणांचा ८.७ टक्क्यांनी. विषाणूने वृद्धांचे प्राण अधिक घेतले. महामारीच्या अर्थकारणाने तरुणांना अधिक गाठले.

हे भारतापुरते घडले असे नाही. जगातील अत्यंत तरुण लोकसंख्येच्या देशांपैकी युगांडा हा एक. तेथील शहरांत हजारो तरुण बोडा-बोडा म्हणजे भाड्याची मोटारसायकल चालवितात. कोणाची गाडी कर्जाची, कोणाची मालकाकडून आठवड्याच्या बोलीवर घेतलेली. २०२० च्या मार्च अखेरीस या गाड्यांवर उतारू बसविण्यास बंदी झाली. ती उठावयाला जुलैची अखेर उजाडली. तेथील शाळा तर मार्च २०२० पासून जानेवारी २०२२ पर्यंत जवळजवळ दोन वर्षे बंद राहिल्या. आपल्याकडे खेड्यापाड्यांतील तरुण शिक्षक खोली भाड्याने घेऊन शिकवणी चालवितात, तशा तेथेही छोट्या खाजगी शाळा होत्या. त्यांतील कित्येक पुन्हा उघडल्या नाहीत. कंपाला काय किंवा कल्याण काय, हप्त्याची तारीख कोठेही चुकत नाही.

मदत कोणत्या वाटेने गेली?

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. कर्जहमीच्या योजनेची मर्यादा पुढे पाच लाख कोटींपर्यंत वाढली आणि तिने अनेक चालू उद्योग बुडण्यापासून वाचविले. १ जून २०२० रोजी पथविक्रेत्यांसाठी दहा हजार रुपयांच्या कर्जाची स्वनिधी योजना आली. सावकाराच्या दाराशी जाणाऱ्या अनेकांना प्रथमच बँकेचे दार दिसले. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळातील हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. या सर्वांची नोंद झालीच पाहिजे.

परंतु या मदतीचे स्वरूप तपासले तर दोन गोष्टी ठळकपणे दिसतात. पहिली ही की, ती जवळजवळ सर्वच्या सर्व कर्जाच्या रूपात होती. ज्याचे उत्पन्न शासनाच्या आदेशाने बंद झाले, त्याला शासनाने सांगितले की आणखी कर्ज काढ. हप्त्यांच्या सवलतीतही हप्ता पुढे गेला, व्याज चढत राहिले. व्याजावर व्याज आकारू नये एवढा दिलासा सर्व कर्जदारांना मिळावयाला सर्वोच्च न्यायालयाचा २३ मार्च २०२१ चा निकाल यावा लागला. मूळ व्याज माफ करण्याचे न्यायालयाने नाकारलेच.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मदत गेली ती नोंदणीच्या वाटेने. स्वनिधीसाठी विक्रेत्याचे नाव नगरपालिकेच्या पाहणीत असणे किंवा त्याच्यापाशी प्रमाणपत्र असणे आवश्यक होते. वास्तविक २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक शहरात अशी पाहणी करणे आणि नगर पथविक्रेता समिती स्थापन करणे बंधनकारक केले होते. सहा वर्षांत अनेक नगरपालिकांनी ते केले नव्हते, म्हणून शिफारसपत्राची पळवाट काढावी लागली. पुढच्याच वर्षी, १३ एप्रिल २०२१ रोजी, म्हणजे पुन्हा गुढीपाडव्याच्याच दिवशी, महाराष्ट्रात दुसऱ्या लाटेचे निर्बंध जाहीर झाले. या वेळी राज्य शासनाने फेरीवाल्यांना दीड हजार रुपये रोख देऊ केले. पाऊल योग्य दिशेने होते, पण फेरीवाला नोंदणीकृत असावा ही अट होती. नगरपालिकेने नाव नोंदविले नाही हा दोष नगरपालिकेचा. दंड मात्र गाडीवाल्याला.

ही वाट ज्यांना बंद होती ते दुसऱ्या वाटेने गेले. खेड्यातील सावकार जुना झाला. नवा सावकार मोबाइलमध्ये येऊन बसला होता. पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या आणि वसुलीसाठी कर्जदाराच्या नातेवाइकांना, मित्रांना फोन करून त्याची अब्रू काढणाऱ्या अॅपांचा सुळसुळाट झाला. २३ डिसेंबर २०२० रोजी रिझर्व्ह बँकेला जनतेला सावध करणारे पत्रक काढावे लागले. नियम यावयाला सप्टेंबर २०२२ उजाडला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये ९,०५२ व्यावसायिकांनी आत्महत्या केल्या होत्या. २०२० मध्ये तो आकडा ११,७१६ वर गेला. त्या वर्षी शेतकरी आणि शेतमजूर मिळून हा आकडा १०,६७७ होता. प्रत्येक मृत्यूमागे कर्जच होते असे म्हणता येणार नाही. पण शेतकऱ्याच्या आत्महत्येवर विधिमंडळात चर्चा होते, आणि ती झालीच पाहिजे. छोट्या दुकानदाराच्या आत्महत्येची चर्चा कोणी केली?

जोखीम कोणाची?

यावर एक उत्तर ठरलेले आहे. धंद्यात जोखीम असतेच, ज्याने नफ्याची आशा धरली त्याने तोटाही सोसावा, असे सांगितले जाते. हे उत्तर वरवर पाहता बिनतोड वाटते. परंतु बाजाराची जोखीम आणि शासनाच्या आदेशाची जोखीम या दोन भिन्न गोष्टी आहेत. वडापाव बेचव झाला, शेजारी दुसरी गाडी आली, तेलाचा भाव वाढला, ही बाजाराची जोखीम. ती गाडीवाल्याने पत्करलेली असते. दार बंद ठेव, नाही तर गुन्हा दाखल होईल, हा आदेश बाजाराचा नव्हे. तो सर्वांच्या प्राणरक्षणासाठी होता असे मान्य केले तर ज्याने दार बंद ठेवले त्याने समाजासाठी त्याग केला, हेही मान्य करावे लागते. धरणासाठी जमीन घेतली तर मोबदला देणे शासनाला कायद्याने भाग आहे, मग तो कितीही अपुरा आणि कितीही उशिरा मिळो. रोजगार घेतला तर मोबदल्याचा विचारही होत नाही. जमीन ही मालमत्ता आहे. हातगाडीची जागा, गिऱ्हाइकाची ओळख आणि दोन हात यांना मालमत्ता मानावयास आपली व्यवस्था तयार नाही.

कारखान्यातील कामगाराच्या बाबतीत हे तत्त्व या देशाने फार पूर्वी मान्य केले होते. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, पन्नासांहून कमी नसलेल्या कारखान्यांत, कामावरून तात्पुरते बसविलेल्या कामगाराला निम्म्या वेतनाएवढी भरपाई देण्याची तरतूद केली. ती कामगार चळवळीच्या लढ्यांतून आली. स्वतःच स्वतःचा मालक असलेल्या कोट्यवधी श्रमिकांसाठी असा लढा कोणी लढलाच नाही. कामगार संघटनांनी त्यांना मालक मानले आणि व्यापारी संघटनांनी त्यांना किरकोळ मानले.

कायदा होता, अंमल नव्हता

२०२० मध्ये राज्यांनी महामारीशी लढताना १८९७ चा साथरोग कायदा वापरला. मुंबईतील प्लेगच्या वेळी परकीय सरकारने केलेला तो कायदा माणसांना रोखण्याचे सर्व अधिकार देतो. रोखलेल्या माणसाने खावे काय, याबद्दल त्यात अक्षर नाही. वसाहतवादी कायद्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. परंतु टाळेबंदी ज्या २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली लागू झाली तो स्वतंत्र भारताच्या संसदेने केलेला आहे. त्याच्या १२ व्या कलमात आपद्ग्रस्तांना द्यावयाच्या किमान मदतीत उपजीविकेची साधने पुन्हा उभी करण्यासाठी साहाय्याचा उल्लेख आहे. १३ वे कलम तर, २०२५ च्या दुरुस्तीने ते वगळले जाईपर्यंत, गंभीर आपत्तीत कर्जफेडीत सूट आणि सवलतीच्या अटींवर नवे कर्ज यांची शिफारस करण्याचा अधिकार राष्ट्रीय प्राधिकरणाला देत होते. दार बंद करण्यासाठी हा कायदा चार तासांत वापरला गेला. याच १२ व्या कलमाच्या आधारे मृतांच्या कुटुंबीयांना साहाय्य द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ३० जून २०२१ रोजी द्यावा लागला. उपजीविकेच्या शब्दांची आठवण मात्र शासनाला झाली नाही, आणि विरोधी पक्षांनीही ती पुरेशा जोराने करून दिली नाही, हे कबूल केले पाहिजे.

गरीब देशाला हे परवडणारे नव्हते, हा युक्तिवादही टिकत नाही. पश्चिम आफ्रिकेतील टोगो हा भारतापेक्षा पुष्कळ गरीब देश आहे. तेथे एप्रिल २०२० मध्येच नोव्हिसी या नावाची योजना सुरू झाली. असंघटित श्रमिकांची यादी नव्हती. पण फेब्रुवारीतील राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीसाठी अद्ययावत केलेली मतदारयादी होती आणि तीत मतदाराचा व्यवसाय नोंदविलेला होता. साध्या मोबाइलवरून एक क्रमांक फिरवावयाचा, ओळखपत्राचा आकडा द्यावयाचा, आणि निर्बंध असलेल्या भागातील शिंपी, केशकर्तनकार, टॅक्सीवाला यांच्या मोबाइल खात्यात पैसे जमा होत. पुरुषाला महिन्याला १०,५०० फ्रँक आणि स्त्रीला, संसाराचा भार तिच्यावर अधिक म्हणून, १२,२५० फ्रँक. रक्कम थोडी होती, पण ती कर्ज नव्हती.

ब्राझीलमध्ये सरकार उजव्या विचारांचे होते आणि त्याचा मूळ प्रस्ताव दरमहा २०० रियाइसचा होता. संसदेच्या रेट्याने तो ६०० वर गेला. एकट्या संसार चालविणाऱ्या मातांना १,२०० देण्यात आले. असंघटित श्रमिकांबरोबर नोंदणीकृत एकव्यक्ती उद्योजकांनाही यात स्थान होते आणि योजना सुमारे ६ कोटी ८० लाख लोकांपर्यंत पोहोचली. साथीच्या हाताळणीत त्या सरकारने अक्षम्य चुका केल्या, हे जगजाहीर आहे. तरीही विधिमंडळात रेटा असेल तर प्रतिकूल सरकारकडूनही लोकांच्या पदरात काही पाडून घेता येते, हा धडा तेथून घेण्यासारखा आहे.

१९७२ चा धडा

महाराष्ट्राला तर दूर जाण्याचीही गरज नाही. १९७२ च्या भीषण दुष्काळाने या राज्यातील ग्रामीण जीवन उद्ध्वस्त केले. पण त्याच दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी तिची कल्पना मांडली, डाव्या आणि समाजवादी पक्षांच्या मोर्चांनी तिच्यामागे बळ उभे केले, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील पगारदाराच्या कपातीतून खेड्यातील हाताला काम, हे तत्त्व त्या वेळी सर्व पक्षांनी एकमताने मान्य केले. अस्मानी संकटाने मागितलेली दया नव्हे, तर कायद्याने मिळालेला हक्क, असे तिचे स्वरूप होते. २००५ मध्ये देशाने तोच मार्ग स्वीकारला. दुष्काळाने एक हक्क निर्माण केला. मग महामारीने काय निर्माण केले?

या प्रश्नाचे उत्तर आज तरी निराशाजनक आहे. असंघटित उद्योगांच्या सरकारी पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये अशा उद्योगांची संख्या ५ कोटी ९७ लाख आणि त्यांतील श्रमिकांची ९ कोटी ७९ लाख होती. दोन्ही आकडे २०१५-१६ पेक्षा कमी. २०२३-२४ मध्ये ते ७ कोटी ३४ लाख आणि १२ कोटी ६ लाखांवर गेले. शासन याला पुनरुत्थान म्हणते. पण हे तेच धंदे पुन्हा उभे राहिले, की जुने बुडालेले मजूर झाले आणि नोकरी न मिळालेली नवी पिढी त्याच वाटेने त्याच खड्ड्याकडे निघाली, हे या बेरजेवरून कळत नाही. नवी महामारी, नवा महापूर, नवी नोटाबंदी आली तर या सात कोटी उद्योगांना २०२० पेक्षा अधिक संरक्षण आहे काय? शून्याचे वीस टक्के अद्यापि शून्यच आहेत.

कार्यकर्त्यांपुढील काम

मागण्या स्पष्ट असाव्यात. शासनाच्या आदेशाने पंधरा दिवसांहून अधिक काळ व्यवसाय बंद राहिल्यास स्वयंरोजगारी श्रमिकाला किमान वेतनाच्या निम्म्याएवढा बंदी भत्ता कायद्याने मिळाला पाहिजे. तो कर्ज म्हणून नको, अनुदान म्हणूनही नको. हक्क म्हणून हवा. यादी नाही ही सबब आता चालणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत ३० कोटींहून अधिक असंघटित श्रमिकांची नावे व्यवसायासह नोंदली गेली आहेत. ज्या नावांचा उपयोग जाहिरातीतील आकड्यासाठी होतो, त्यांचा संकटकाळी पैसे पोहोचविण्यासाठीही झाला पाहिजे.

पैसा कोठून आणावयाचा, याचेही उत्तर महाराष्ट्रापाशी आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने ज्या हमालाला कायमचा मालक नाही त्याच्यासाठी मंडळ नेमले आणि माल उचलून घेणाऱ्या प्रत्येकाकडून लेव्ही वसूल केली. छोट्या उत्पादकाच्या मालावर नफा कमावणाऱ्या मोठ्या खरेदीदारांकडून, घरपोच विक्रीच्या कंपन्यांकडून अशीच लेव्ही घेऊन निधी उभा करता येईल. त्याच मोठ्या खरेदीदारांनी छोट्यांची बिले ४५ दिवसांत चुकती करावीत, असे २००६ चा कायदा सांगतो. ज्यांनी ती दिली नाहीत त्यांना करसवलत नाकारण्याची तरतूद २०२३ मध्ये झाली. तिचा अंमल होतो की नाही, हे तालुक्यातालुक्यात पाहिले पाहिजे. कर्जहमीची योजना पुन्हा कधी आखली गेली तर तिचा आधार जुने कर्ज हा नसावा. चालू व्यवसायाचा साधा पुरावा पुरेसा मानावा, म्हणजे पहिल्यांदा बँकेत जाणाऱ्यालाही दार उघडेल.

या मागण्यांसाठी आधी माणसे एकत्र आली पाहिजेत. हे काम कठीण आहे, कारण हा वर्ग विखुरलेला आहे आणि त्याला स्वतःला श्रमिक म्हणवून घेण्याचा संकोच वाटतो. त्याच्या दुकानावर प्रोप्रायटर अशी पाटी असते. त्या पाटीचा अनादर न करता तिच्यामागील कष्टकऱ्याशी बोलणे कार्यकर्त्यांना जमले पाहिजे. ज्या शहरात नगर पथविक्रेता समिती झालेली नाही तेथे ती व्हावी म्हणून नगरपालिकेवर अर्जांचा आणि मोर्चांचा रेटा लावावा. ज्या वस्तीत ई-श्रमची नोंद झाली नाही तेथे बसून ती करून द्यावी. अॅपवाल्या सावकाराच्या धमक्यांना घाबरलेल्या मुलाबरोबर पोलीस ठाण्यात जावे. ही कामे लहान दिसतात. पण रोजगार हमीच्या मागेही दुष्काळी कामांवरील हजेरीपटाचा आग्रह धरणारे, खडी फोडणाऱ्या बायांच्या मजुरीचा हिशेब तपासणारे असेच असंख्य कार्यकर्ते होते.

पाडवा दर वर्षी येतो. या वर्षीही कोठे तरी एखादी मुलगी आईची बांगडी मोडून शिलाईयंत्र घेईल आणि त्याला हळदकुंकू वाहील. तिच्या धंद्याचे यशापयश तिच्या हातात असू द्यावे. पण साऱ्या समाजाच्या रक्षणासाठी तिला यंत्र बंद ठेवावे लागले तर त्या दिवसांची भाकरी समाजाने द्यावी. हा हिशेब पुढच्या संकटाच्या आधी मांडून ठेवला पाहिजे; चार तासांच्या मुदतीत तो मांडता येत नाही, हे २०२० ने शिकविले आहे.